एडिनबरात एक दिवस, फक्त आपल्यासाठी गाईड घेऊन: कसं ठरवायचं, काय विचारायचं, कुठून सुरुवात करायची

पहिल्यांदा एडिनबराला गेलो तेव्हा आम्ही एका मोठ्या ग्रुप टूरमध्ये होतो. तीसेक माणसं, गाईड पुढे काठीला रुमाल बांधून चाललेला, वारा असा की त्याचं निम्मं बोलणं आमच्यापर्यंत यायचंच नाही, आणि सासरे गुडघ्यामुळे मागे राहिले की आम्ही त्यांच्यासाठी थांबायचो आणि तोपर्यंत पुढची गोष्ट सांगून झालेली असायची. रात्री हॉटेलवर सासरे एवढंच म्हणाले, "जागा फार सुंदर आहे गं, पण मला काही कळलं नाही." ते मनाला लागून राहिलं. दोन वर्षांनी परत जायचा योग आला तेव्हा ठरवलं की या वेळी एक दिवस फक्त आपल्या पाच जणांसाठी गाईड घ्यायचा आणि तो दिवस आधी नीट बसून ठरवायचा. तो दिवस इतका चांगला गेला की तेव्हापासून ओळखीतलं कुणी तिकडे निघालं की मी फोनवर हेच सगळं सांगत बसते, म्हणून आता एकदाचं लिहूनच काढते.

एक गोष्ट आधीच सांगते. प्रायव्हेट गाईडला आपण पैसे देतो ते माहितीसाठी देतो असं वाटतं, पण माहिती तर पाट्यांवर, ऑडिओ गाईडमध्ये, फोनवर सगळीकडे आहे. आपण पैसे देतो ते थांबता यावं म्हणून. सासूबाईंना एखाद्या दारावरचं कोरीवकाम बघत पाच मिनिटं उभं राहायचंय तर राहता आलं पाहिजे, लेकाला तोफेबद्दल चार प्रश्न विचारायचेत तर विचारता आले पाहिजेत. त्यामुळे दिवसभरात दहा ठिकाणं कोंबली की प्रायव्हेट टूरचा सगळा फायदा गेलाच म्हणून समजा.

गाईड कसा शोधायचा

स्कॉटलंडमध्ये गाईडचं काम कुणीही करू शकतं, त्यासाठी लायसन्स लागत नाही, म्हणून बॅज बघायचा. स्कॉटिश टुरिस्ट गाईड्स असोसिएशन नावाची संस्था आहे, ती ट्रेनिंग आणि परीक्षा झालेल्या गाईडना बॅज देते. ब्लू बॅज म्हणजे पूर्ण स्कॉटलंडसाठी, ग्रीन बॅज म्हणजे ठराविक भागासाठी. त्यांच्या वेबसाईटवर गाईड शोधता येतात, कोण कुठली भाषा बोलतं, कोण स्वतःची गाडी चालवतं तेही दिसतं. बॅज नसलेले सगळे वाईट असं अजिबात नाही, पण आईवडिलांना घेऊन जाताय, एकच दिवस आहे, तर मी तरी बॅजवालाच घेईन.

फी बहुतेक वेळा माणशी नसते, पूर्ण ग्रुपची मिळून असते, अर्ध्या दिवसाची किंवा पूर्ण दिवसाची. म्हणजे दोघंच असाल तर महाग वाटेल आणि पाच-सहा जण असाल तर माणशी हिशोब एकदम परवडायला लागतो. दुसरं कुटुंब सोबत असेल तर एकत्र घ्या, पण सात-आठच्या वर जाऊ नका, नाहीतर परत तेच होतं, पुढचे पुढे आणि मागचे मागे.

मेल करताना हे नक्की विचारा: फी मध्ये एडिनबरा कॅसलची, म्हणजे तिथल्या किल्ल्याची, तिकिटं धरलीत का (बहुधा नसतात), किती तासांचा दिवस आणि जास्त वेळ लागला तर काय, कॅन्सल केलं तर पैसे परत मिळतात का आणि किती दिवस आधी, गाईड कॅसलच्या आत सोबत येणार की दारापर्यंत सोडणार, आणि जेवणाच्या वेळी तो आपल्याबरोबर बसणार की त्याची वेगळी सुट्टी असते. हा शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि मग दुपारी एक वाजता अवघडल्यासारखं होतं.

आणि माझा एक आवडता प्रश्न आहे. गाईडने पाठवलेल्या प्लॅनमध्ये "कॅसलमध्ये स्टोन ऑफ डेस्टिनी बघू" असं लिहिलंय का बघा. स्कॉटलंडच्या राजांचा राज्याभिषेक ज्या दगडावर व्हायचा तो हा दगड, तो मार्च २०२४ पासून पर्थच्या म्युझियममध्ये आहे, एडिनबरात नाहीये. प्लॅनमध्ये तो अजून असेल तर तो कागद जुनाच पुढे ढकलला जातोय एवढं समजायचं.

गाडी घ्यायची की चालायचं

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारतात. आईवडील आहेत म्हटल्यावर साहजिकच वाटतं की गाडीवाला गाईड घेऊ, दमणार नाहीत. पण एडिनबराचा जो जीव आहे तो ओल्ड टाऊनमध्ये आहे आणि तिथे गाडीतून काहीच बघता येत नाही. हाय स्ट्रीटचा काही भाग गाड्यांना बंदच आहे, गल्ल्या एवढ्या अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरायचं, आणि पार्किंगचं तर विचारूच नका. शिवाय शहराच्या मध्यभागी जून २०२४ पासून जास्त धूर सोडणाऱ्या जुन्या गाड्यांना दंड आहे, स्वतः भाड्याची गाडी घेऊन जाणाऱ्यांनी तेही लक्षात ठेवा.

आम्ही काय केलं, तर सकाळपासून दुपारपर्यंत चालत, सगळं उताराच्या दिशेने, आणि दुपारनंतर लांबच्या दोन ठिकाणांसाठी टॅक्सी. तिथल्या काळ्या टॅक्सीत पाच माणसं आरामात बसतात, व्हीलचेअरही जाते. गाईड मात्र सहावा झाला की आधी विचारून घ्या, आमचा गाईड बसने पुढे आला. गाडीवाला गाईड खरा उपयोगी पडतो तो शहराबाहेर जायचं असेल तर, म्हणजे रॉस्लिन चॅपल, किंवा साउथ क्वीन्सफेरीला जाऊन फोर्थ ब्रिज बघायचा असेल तर. लाल रंगाचा तो रेल्वेचा पूल १८९० मध्ये सुरू झाला आणि अजून त्यावरून रोज गाड्या जातात, इंजिनिअर माणूस घरात असेल तर त्याला तिथून हलवणं अवघड आहे. पण मग तेवढा वेळ शहरातला कमी होणार. आणि एडिनबराहून एका दिवसात लॉख नेस तलाव करून येऊ असं कुणी म्हणालं तर माझं ऐका, तो अख्खा दिवस बसमध्ये जातो, ते वेगळ्या दिवसाला ठेवा.

आधी शहराचा उतार समजून घ्या

हे जर समजलं ना तर पूर्ण दिवसाचा प्लॅन आपोआप बसतो. कॅसल ज्या खडकावर उभा आहे तो जवळपास ३५ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला लाव्हा आहे, फार कठीण. नंतर हिमयुगात पश्चिमेकडून बर्फाचा प्रचंड थर सरकत आला, तो या खडकाला अडला आणि दोन्ही बाजूंनी वळसा घालून गेला, बाजूची जमीन खरवडून नेली, पण खडकाच्या मागे पूर्वेला जी मऊ जमीन होती ती आडोशाला राहिल्यामुळे वाचली. तीच ती लांब उतरती शेपटी. त्या शेपटीच्या पाठीवर रॉयल माईल आहे, वर कॅसल आणि खाली होलीरूड पॅलेस, साधारण १.८ किलोमीटर. दोन्ही बाजूंना एकदम उतार, म्हणून त्या सगळ्या पायऱ्यापायऱ्यांच्या गल्ल्या.

आमच्या गाईडने हे कॅसलच्या बाहेरच उभं राहून, हाताची मूठ आणि कोपरापर्यंतचा हात दाखवून समजावलं, मूठ म्हणजे कॅसल आणि हात म्हणजे रस्ता. त्यानंतर लेक दिवसभर स्वतःचा हात बघून सांगत होता आपण आता कुठे आहोत ते. तर मुद्दा असा की सुरुवात वरून करायची आणि खाली उतरत यायचं. उलटं केलं तर गुडघ्यांची वाट लागते.

गाईडला आधी काय लिहायचं

नुसतं "पाच जण आहोत, पूर्ण दिवस हवाय" एवढं लिहू नका. मी जे लिहिलं होतं ते साधारण असं होतं:

"आम्ही पाच जण. सासरे ७४, गुडघ्याचा त्रास, सपाटीवर अर्धा तास सलग चालू शकतात, पायऱ्या हळू, कठडा हवा. सासूबाईंना जुनी घरं आणि लोक कसे राहायचे यात रस आहे, लढायांमध्ये नाही. मुलगा १० वर्षांचा, त्याला विज्ञान आणि प्राणी आवडतात. दोघं शाकाहारी. इंग्रजी समजतं पण कृपया सावकाश बोला. कॅसल बघायचाच आहे, बाकी तुम्ही सुचवा. दर तासाला बसायची जागा आणि टॉयलेट कुठे आहे ते प्लॅनमध्ये धरा."

सगळ्यात हळू चालणारा जो कोणी असेल त्याच्याबद्दल खरं खरं लिहा. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना "मी ठणठणीत आहे" म्हणायची सवय असते, मग तिथे गेल्यावर त्रास होतो आणि ते बोलतही नाहीत. गाईडला आधीच माहीत असेल तर तो कुणालाही वाईट न वाटू देता मध्येमध्ये बाकावर बसूनच गोष्टी सांगतो. कॅसलमध्ये वर जायचा रस्ता चढाचा आणि दगडी आहे, चालायला त्रास असलेल्यांना वर नेणारी छोटी गाडी असते, पण त्याचं आधी विचारून ठेवा.

भेटायची जागा नीट ठरवा. "वेव्हर्ली स्टेशनवर भेटू" असं कधीही म्हणू नका, ते स्टेशन दरीत आहे आणि त्याला वर-खाली इतक्या बाजूंनी बाहेर पडायचे रस्ते आहेत की दोघं दोन टोकांना उभे राहाल. हॉटेलची लॉबी सगळ्यात बरी. क्रूझने येत असाल तर आणखी काळजी घ्या, जहाजं लीथ, न्यूहेवन, साउथ क्वीन्सफेरी, रोझाइथ अशा वेगवेगळ्या ठिकाणी लागतात, काही ठिकाणी छोट्या बोटीतून किनाऱ्यावर आणतात आणि त्यात वेळ जातो, तर कुठल्या बंदरात आणि किती वाजता पाय जमिनीवर पडणार ते गाईडला कळवा.

सकाळ: कॅसल

कॅसल साडेनऊला उघडतो आणि तिकीट ठराविक वेळेचं असतं, ते ऑनलाईन आधीच काढा, उन्हाळ्यात दारावर मिळेल या भरवशावर राहू नका. पहिल्या वेळेचं घ्या. आणि आत गेल्यावर रस्त्यात रेंगाळत वर जाऊ नका, सरळ वरच्या चौकात जा आणि आधी राजमुकुट बघा, कारण अकरानंतर तिथे रांग लागते.

स्कॉटलंडचा मुकुट, राजदंड आणि तलवार, या तिन्हीला मिळून ऑनर्स म्हणतात, ब्रिटनमधली सगळ्यात जुनी राजचिन्हं. मुकुट आत्ता दिसतो त्या रूपात १५४० मध्ये पाचव्या जेम्ससाठी घडवला. त्यांची गोष्ट गाईडकडून पूर्ण ऐका, इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या सैन्यापासून वाचवायला ती डनॉटरच्या किल्ल्यातून गुपचूप बाहेर काढून किनेफ नावाच्या गावच्या चर्चच्या फरशीखाली पुरली होती, कित्येक वर्षं. नंतर १७०७ मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंडची पार्लमेंट एक झाली तेव्हा या वस्तूंचं कामच उरलं नाही, पेटीत घालून खोलीला कुलूप लावलं आणि हळूहळू लोकांना शंका यायला लागली की आत काही आहे तरी का. शेवटी १८१८ मध्ये लेखक वॉल्टर स्कॉटच्या पुढाकाराने ती खोली उघडली, पेटी फोडली, तर सगळं जसंच्या तसं. सासरे ही गोष्ट ऐकताना काचेसमोरून हलेनात, मागच्या खेपेला याच काचेसमोरून आम्ही दोन मिनिटांत पुढे सरकलो होतो.

त्याच भागात एक एवढीशी लाकडी पॅनेलची खोली आहे, तिथे १९ जून १५६६ ला स्कॉटलंडची राणी मेरी हिला मुलगा झाला, तोच पुढे स्कॉटलंडचा सहावा जेम्स आणि इंग्लंडचा पहिला जेम्स. ही खोली लक्षात ठेवा, दुपारी लागणार आहे. मग खाली येता येता सेंट मार्गारेट चॅपल, बाराव्या शतकातलं, शहरातली सगळ्यात जुनी उभी इमारत, आत जेमतेम वीसेक माणसं मावतील. त्याच्या बाहेरच मॉन्स मेग ही अवाढव्य तोफ, १४४९ मध्ये बेल्जियमकडच्या मॉन्समध्ये बनवलेली. युद्धाचं म्युझियम आवड असेल तरच करा, आम्ही सोडलं. दोन तास कॅसलला पुष्कळ झाले.

आता माझं मत. गाईड अर्ध्या दिवसासाठीच घेतला असेल तर त्याचे दोन तास कॅसलमध्ये घालवू नका, कॅसल दुसऱ्या दिवशी ऑडिओ गाईड घेऊन एकट्याने करता येतो. गल्ल्या मात्र गाईडशिवाय नुसत्या गल्ल्याच राहतात.

रॉयल माईल आणि क्लोज

क्लोज म्हणजे रॉयल माईलवरून दोन्ही बाजूंना उतरणाऱ्या अरुंद बोळी, काहींना विंड म्हणतात. गावाला तटबंदी होती, जागा वाढत नव्हती आणि माणसं वाढत होती, म्हणून घरं वर वर चढवत गेले, सोळाव्या-सतराव्या शतकातच सात-आठ मजली, उताराच्या बाजूने मोजलं तर त्याहून जास्त. एकाच जिन्यावर श्रीमंत आणि गरीब सगळेच, चांगल्या घरचे मधल्या मजल्यांवर, गरीब एकदम खाली किंवा एकदम वर. ड्रेनेज नव्हतं, घाण वरून रस्त्यावरच ओतायचे आणि ओतताना "गार्डी लू" म्हणून ओरडायचे, हे फ्रेंचवरून आलेलं, पाणी येतंय सांभाळा असा अर्थ. सासूबाईंना सगळ्यात जास्त हेच आवडलं, पाणी कुठून भरायचे, स्वयंपाक कुठे करायचे, बाळंतपणं कुठे व्हायची असे प्रश्न त्यांनी विचारले आणि मी मध्ये भाषांतर करत होते, गाईडही खुलून सांगत होता.

बाकी एकच थांबा सांगायचा झाला तर पेज़्ली क्लोज. हाय स्ट्रीटवर, म्हणजे रॉयल माईलच्याच मधल्या भागात आहे, पटकन लक्षात येत नाही. नोव्हेंबर १८६१ मध्ये इथली एक जुनी इमारत रात्री कोसळली आणि ३५ माणसं गेली. ढिगारा उपसणारे आता कुणी जिवंत नाही म्हणून थांबायला आले तेव्हा आतून एका पोराचा आवाज आला, ओढा रे, मी अजून मेलो नाहीये. तो वाचला. दारावरच्या कमानीत त्याचा चेहरा आणि ते शब्द कोरलेत. तिथे उभं राहून वर बघितलं की अंगावर काटा येतो. त्या घटनेनंतरच शहरातल्या पडक्या, दाटीच्या वस्त्या सुधारायच्या कामाला जोर आला.

सेंट जाइल्स कॅथेड्रल आत जाऊन बघा, प्रवेशाला तिकीट नाही पण काहीतरी देणगी टाकावी, आत थिसल चॅपल आहे १९११ चं, त्याच्या छताखालच्या कोरीवकामात बॅगपाईप वाजवणारा देवदूत आहे, मुलांना शोधायला सांगा. बाहेर फरशीत दगडांचं हार्ट काढलंय, हार्ट ऑफ मिडलोथियन, तिथे जुना तुरुंग होता. लोक त्यावर थुंकतात, ती तिथली जुनी रीत आहे, त्यामुळे फोटोसाठी त्यावर बसू नका. मागच्या चौकात जेम्स ब्रेडवुडचा पुतळा आहे, १८२४ च्या मोठ्या आगीच्या वर्षी त्याने इथे शहराचं पहिलं पगारी अग्निशामक दल उभं केलं, फक्त २४ वर्षांचा होता तेव्हा.

दुपारी एक वाजता कॅसलवरून तोफ उडते, रविवार, गुड फ्रायडे आणि ख्रिसमस सोडून. त्यामागचं कारण मला फार आवडतं. खाली समुद्रातल्या जहाजांना घड्याळं लावायला अचूक वेळ हवी असायची, म्हणून काल्टन हिलवरच्या नेल्सन मॉन्युमेंटवर एक मोठा गोळा एक वाजता खाली पडायचा, पण धुकं असलं की तो दिसायचाच नाही, म्हणून १८६१ पासून आवाज. एक वाजायला आला की लहान मुलांना आणि दचकणाऱ्या वडीलधाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

जेवण

शाकाहारी लोकांनी अजिबात घाबरू नका. हॅगिस म्हणजे मेंढीच्या काळीज-फुप्फुसांचा पदार्थ, पण त्याचा व्हेज प्रकार जवळपास सगळीकडे मिळतो, ओट्स, डाळी, बिया आणि मसाले घालून, सोबत कुस्करलेला सलगमसारखा कंद आणि बटाटा. सासूबाईंनी दोनदा घेतला. मासे खाणाऱ्यांनी कलन स्किंक हे सूप घ्या, धुरावलेला हॅडॉक मासा, बटाटा, दूध, थंडीत दुसरं काही नको वाटतं. नळाचं पाणी मागा, फुकट असतं आणि चांगलं असतं. ऑगस्टमध्ये टेबल आधी बुक करा. एक तास पूर्ण बसा, सगळ्यांचे पाय शांत होऊ देत.

दुपार: दोनपैकी एकच रस्ता धरा

इथे बहुतेक लोक चुकतात, दोन्ही करायला जातात.

पहिला रस्ता म्हणजे व्हिक्टोरिया स्ट्रीटच्या वळणाने खाली ग्रासमार्केट, तिथे पूर्वी फाशी द्यायचे, आणि मग ग्रेफ्रायर्सचं चर्च आणि कबरस्तान. तिथल्या बॉबी नावाच्या छोट्या कुत्र्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, मालक १८५८ मध्ये गेला आणि बॉबी १८७२ मध्ये मरेपर्यंत त्या कबरीपाशी राहिला असं सांगतात. रस्त्याच्या कोपऱ्यावर त्याचा पुतळा आहे, त्याचं नाक प्रवाशांनी घासघासून चकचकीत करून टाकलंय, कृपया घासू नका, ती काही जुनी रीत नाही आणि पुतळ्याचं नुकसान होतं. समोरच नॅशनल म्युझियम, फुकट, टॉयलेट स्वच्छ, लिफ्ट आहे, बसायला जागा भरपूर. तिथे डॉली मेंढी आहे, १९९६ मध्ये शहराजवळच्याच रॉस्लिन इन्स्टिट्यूटमध्ये जन्मलेली, पूर्ण वाढ झालेल्या प्राण्याच्या पेशीपासून क्लोन केलेला पहिला सस्तन प्राणी. लेक तिच्याभोवती किती वेळ फिरत होता. पाऊस असेल, मुलं असतील तर हाच रस्ता.

दुसरा रस्ता म्हणजे रॉयल माईलने तसंच खाली कॅननगेट, तिथल्या चर्चच्या आवारात अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथची कबर, आणि शेवटी होलीरूड पॅलेस. सकाळची ती बाळंतिणीची खोली आठवतेय ना, त्याच्या तीन महिने आधी, ९ मार्च १५६६ ला, याच पॅलेसमध्ये गरोदर मेरीच्या डोळ्यांसमोर तिचा सेक्रेटरी रिझिओ याला जेवणाच्या खोलीतून ओढून नेऊन भोसकलं. सकाळी ती खोली आणि दुपारी ही खोली, एकाच दिवसात बघितल्यावर ती बाई कशातून गेली असेल ते समजतं. फक्त पॅलेस उन्हाळा सोडून आठवड्यातले काही दिवस बंद असतो आणि राजघराण्यातलं कुणी राहायला आलं की बंदच असतो, जूनच्या शेवटी-जुलैच्या सुरुवातीला हे हमखास होतं, तर तारखा बघूनच ठरवा.

शेवट मात्र दोन्हीचा एकच ठेवा, टॅक्सीने काल्टन हिलच्या पायथ्याशी आणि थोडं चढून वर. आर्थर्स सीट ही टेकडी २५१ मीटर उंच आहे, ते तरुण मंडळींनी दुसऱ्या दिवशी सकाळी करावं. काल्टन हिलवर बारा खांबांचं अर्धवट स्मारक आहे, १८२६ मध्ये सुरू केलं, पैसे संपले, १८२९ मध्ये थांबलं ते थांबलंच. तिथून कॅसल, ती उतरती शेपटी, न्यू टाऊनचे सरळ रस्ते आणि समुद्र, सगळं एका नजरेत. न्यू टाऊनला वेळ उरत नाही याचं मला दर वेळी वाईट वाटतं, जेम्स क्रेग नावाच्या जेमतेम तिशीच्याही आतल्या माणसाने १७६७ मध्ये त्याचा आराखडा केला, जमलं तर दुसऱ्या दिवशी शार्लट स्क्वेअरपर्यंत नुसतं चालून या.

कधी जायचं, काय न्यायचं

मे, जूनची सुरुवात, सप्टेंबर. ऑगस्टमध्ये फेस्टिव्हल असतात, शहरात पाय ठेवायला जागा नसते, हॉटेलचे भाव कुठल्या कुठे जातात आणि कॅसलसमोरच्या मैदानात मिलिटरी टॅटूसाठी, म्हणजे लष्करी बँडच्या कार्यक्रमासाठी, प्रेक्षकांचे मोठे स्टँड उभे असतात. नाटक-गाणं बघायला जायचंय तर जरूर जा, पण गाईडबरोबर शांतपणे शहर बघायला तो महिना नाही. डिसेंबरात सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि पावणेचारच्या आसपास मावळतो, तेव्हा काल्टन हिल आधी आणि म्युझियम शेवटी असा उलटा क्रम लावा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड.

छत्री नेऊ नका, वारा ती उलटी करतो, टोपीचं रेनजॅकेट प्रत्येकाला. बूट पकड असलेले, फरश्या ओल्या झाल्या की फार घसरड्या. समुद्रावरून कधीकधी अचानक थंड धुकं येतं, त्याला हार म्हणतात, सकाळी ऊन असलं तरी स्वेटर बॅगेत पाहिजेच.

पैसे पौंडातच, पण नोटा स्कॉटलंडच्या बँकांच्या वेगळ्या असतात, परत लंडनला जाणार असाल तर त्या इथेच खर्चून टाका, तिकडे काही दुकानदार घ्यायला कुरकुर करतात. तसं कार्ड सगळीकडे चालतं, बसमध्येसुद्धा, आणि बसमध्ये रोख दिले तर सुटे परत मिळत नाहीत. राहणार असाल तर २४ जुलै २०२६ पासून हॉटेलच्या भाड्यावर ५ टक्के व्हिजिटर लेव्ही, म्हणजे पाहुण्यांवरचा कर, लागते, पहिल्या पाच रात्रींपर्यंत.

गाईडला टिप द्यायची सक्ती नाही, दिवस आवडला तर द्या, सगळ्यांसमोर हातात द्यायला संकोच वाटला तर पाकिटात घालून द्या. आणि निरोप घ्यायच्या आधी त्याला विचारा की उद्या अर्धा दिवस मोकळा असता तर तू कुठे गेला असतास. आमच्या गाईडने डीन व्हिलेजपासून वॉटर ऑफ लीथच्या काठाने चालायला सांगितलं, जुन्या पिठाच्या गिरण्यांच्या वस्तीतून नदीच्या कडेने, आणि सासऱ्यांना सांगितलं की वाटेत बाक कुठे कुठे आहेत. दुसऱ्या दिवशी सासू-सासरे दोघंच गेले, आम्ही झोपलो होतो.